शेततळी वाढली तरी विहिरी जानेवारीतच तळाला: गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायचा कसा?

शिवार_जालना

गाव जालना जिल्ह्यातलं, अवर्षणप्रवण पट्ट्यातलं. शिवार १००० हेक्टर, लोकसंख्या २१००, मोठी जनावरं ७००. यंदा पाऊस ४८० मिमी, त्यातला निम्म्याहून जास्त पाच-सहा दिवसांतच कोसळला. झालेली कामं अशी: सहा सिमेंट नाला बांध (प्रत्येकी साधारण ८ टीसीएम, म्हणजे ८० लाख लिटर), दोन किलोमीटर नाला खोलीकरण, शेततळी ४६. त्यातल्या २८ तळ्यांना प्लास्टिकचा कागद आहे. मोसंबी ६० हेक्टर, सगळी ठिबकवर. रब्बीत कांदा ४० हेक्टर, गहू ३० हेक्टर, बाकी हरभरा आणि ज्वारी.

एवढं करूनही ४०-४५ फुटांच्या विहिरी जानेवारीत तळाला जातात आणि पिण्यासाठी फेब्रुवारीतच टँकर मागवावा लागतो. ज्यांच्याकडे ५००-६०० फुटांची बोअर आहेत त्यांचं भागतं. ज्यांच्याकडे फक्त विहीर आहे ते जानेवारीनंतर मजुरीला किंवा ऊसतोडीला जातात. गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो आणखी शेततळी घ्या, दुसरा म्हणतो बोअर बंद करा. ग्रामसभेत आकडे घेऊन बसायचं आहे. ताळेबंद कसा मांडायचा? आणि शेततळ्यांमुळे विहिरी आटतात हे खरं की नुसती कुरकुर?

खडक_आणि_पाणी

दादा, तुमचेच आकडे घेऊन हिशेब करतो. एक गोष्ट पाठ ठेवा: १ हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १० घनमीटर. १००० घनमीटर म्हणजे १ टीसीएम, म्हणजे १० लाख लिटर.

तर १००० हेक्टरवर ४८० मिमी म्हणजे ४८०० टीसीएम. हा आकडा ऐकून सभेत सगळे खूश होतील, पण त्यातलं बहुतेक पाणी पिकं आणि माती वापरतात, हवेत उडतं किंवा नाल्याने वाहून जातं. झिजलेल्या बेसाल्टमध्ये (लाव्ह्याचा काळा खडक), म्हणजे आपल्या मुरूम-मांजऱ्यात, भूजल अंदाज समितीच्या निकषाप्रमाणे पावसाच्या ७ टक्के पाणी जमिनीत मुरतं असं धरतात. सच्छिद्र आणि भेगाळ बेसाल्ट असेल तर १३ टक्क्यांपर्यंत. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात तुमच्या पाणलोटाचा खडक कोणता ते विचारा. तोवर ७ धरा. ३३६ टीसीएम झाले.

बांधांचं वेगळं. ८ टीसीएमचे सहा बांध दोनदा भरले तर ९६ टीसीएम, त्याच्या निम्मे मुरतात असं धरायचं, म्हणजे ४८. एकूण जमा ३८४. यातून नाल्यावाटे शिवाराबाहेर झिरपून जाणारं पाणी वजा करा. निकषात ५ ते १० टक्के आहे, मी १० धरतो. उरले ३४६.

आता खर्च. माणसं: २१०० × ५५ लिटर × ३६५ दिवस, म्हणजे ४२ टीसीएम. जनावरं: ७०० × ६० लिटर × ३६५, म्हणजे १५. हे ५७ आधी बाजूला काढून ठेवा, त्याला हात लावायचा नाही. राहिले २८९.

मोसंबीला पावसाळा सोडून उरलेल्या काळात ठिबकवर हेक्टरी ५००० घनमीटर धरलं तरी ६० हेक्टरला ३०० टीसीएम. म्हणजे कांद्याचं एक रोप लावायच्या आधीच तुम्ही ११ टीसीएमने तुटीत आहात.

त्यापुढे कांदा ४० हेक्टर × ६०० मिमी = २४०, गहू ३० हेक्टर × ४०० मिमी = १२०. मोकळं पाणी दिलं तर त्यातलं १५ टक्के परत मुरेल असं धरून ५४ वजा करा. आधीची ११ धरून तूट ३१७ टीसीएमवर जाते. एवढं पाणी वरच्या थरात नाहीच. म्हणून विहिरी जानेवारीत बसतात, पुढचं पाणी खोल बोअरमधून येतं आणि ज्यांच्याकडे बोअर नाही त्यांचं पीक अर्धवट राहतं.

हा झाला कागदावरचा हिशेब. त्याची पडताळणी विहिरींवर करा, नाहीतर सभेत कोणीतरी "हे सात टक्के कुठून आणले?" म्हणणार आणि त्याचं बरोबरच असेल. शिवाराच्या माथ्यावर, मध्यात आणि पायथ्याला मिळून २० विहिरी निवडा. मे अखेर आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात काठापासून पाण्यापर्यंत टेप सोडून मोजा. मोजण्याआधी रात्रभर मोटार बंद ठेवा, नाहीतर उपसलेली पातळी मोजली जाते. ही चूक सर्रास होते. आपल्या खडकात १ मीटर थरातून जेमतेम २ टक्के पाणी निघतं. समजा पायथ्याच्या ३०० हेक्टरवर पातळी ४ मीटर वाढली, तर ३०० × ४ × ०.०२ म्हणजे २४ हेक्टर-मीटर, म्हणजेच २४० टीसीएम. मधल्या ३०० हेक्टरवर दीड मीटर वाढली तर ९०. माथ्यावर जवळपास काही नाही. बेरीज ३३०. दोन्ही रस्त्यांनी आकडा जवळपास आला की सभेत ठामपणे बोलता येतं.

तळ्याकाठी

वरचा हिशेब चोख आहे. फक्त एक सांगतो, कारण बहुतेक गावांच्या ताळेबंदात इथेच घोळ होतो. कागद टाकलेल्या शेततळ्यातलं पाणी जमेच्या बाजूला लिहू नका. ते पावसाचं नाही, विहिरीचंच आहे, फक्त जागा बदललेलं.

३० × ३० मीटर तोंड, ३ मीटर खोली, १:१ उतार धरला तर तळ २४ × २४ होतो आणि साठवण २१९६ घनमीटर, म्हणजे २२ लाख लिटर. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला ५० वाघिणींची पाण्याची रेल्वे जात होती, तिची एक खेप २५ लाख लिटरची. तुमच्या शिवारात असल्या खेपेला जवळपास पुरतील अशी २८ तळी आहेत.

आता ती भरतात कशी? नाल्याचं वाहतं पाणी वळवून भरली तर ठीकच. पण कागदाच्या तळ्याला आत येणारा चर सहसा ठेवतच नाहीत, कारण गाळ आला की ठिबक चोकअप होतं. म्हणून ती विहिरीच्या मोटारीने भरतात. २०० लिटरचा ड्रम ४० सेकंदांत भरणारी मोटार तासाला १८,००० लिटर देते. २२ लाख लिटरला १२२ तास लागतात. आठ तास वीज धरली तर पंधरा-सोळा दिवस. हे सगळं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चालतं, म्हणजे जमीन पाणी घेत असते त्याच वेळी आपण ते उपसत असतो. २८ तळ्यांचे ६१ टीसीएम. पायथ्याच्या ३०० हेक्टरवर १ मीटर पातळी म्हणजे ६० टीसीएम, म्हणजे दिवाळीच्या आधीच सगळ्यांच्या विहिरींतून एक मीटर पाणी गेलं. त्यात ज्याचं तळं नाही त्याच्याही विहिरीचं पाणी आलं.

शिवाय उडून जाणारं पाणी. आपल्याकडे नोव्हेंबर ते मे या काळात उघड्या तळ्यातून साधारण एक मीटर थर हवेत जातो. वरच्या एका मीटरमध्ये ८४० घनमीटर असतात, म्हणजे तळ्याच्या ३८ टक्के. तळं एप्रिलपर्यंत भरलेलं ठेवलं तर २८ तळ्यांचे मिळून २३ टीसीएम. गावाच्या वर्षभराच्या पिण्याच्या पाण्याच्या निम्म्याहून जास्त. विहिरीत राहिलं असतं तर त्यातलं फारसं काही उडालं नसतं.

ठिबक_ते_तुषार

तळ्याकाठी, तुमचा राग समजतो, पण मोसंबीवाल्याची बाजूही मांडतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना-औरंगाबाद पट्ट्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. झाड सात-आठ वर्षं वाढवायचं आणि एका उन्हाळ्यात सरपण करायचं, हे ज्याने पाहिलं तो तळं करणारच. विहिरीतलं पाणी शेजारी उपसतो, तळ्यातलं आपलं राहतं, हा त्याचा हिशेब. त्याच्या जागी तो चुकीचा नाही. सगळ्यांनी एकदम तोच हिशेब केला की गाव बुडतं, एवढंच.

कोणाला चोर न ठरवता करता येण्यासारखं बरंच आहे. मोसंबीच्या आळ्यात उसाचं पाचट किंवा सोयाबीनचा भुसा तीन-चार इंच जाड पसरा. पाण्यात पाचवा हिस्सा बचत धरा, ३०० टीसीएमवरून २४० वर येता. लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, झाडाच्या खोडाला चिकटून नको, फांद्यांच्या घेराखाली गोल फिरवा. ठिबक असूनही पाणी वाया जाण्याचं मोठं कारण म्हणजे मोटार किती तास चालवायची ते कोणी मोजत नाही. ड्रिपर ४ लिटरचा, झाडाला चार ड्रिपर, तर तासाला १६ लिटर. झाडाची गरज काढायची आणि तेवढेच तास चालवायचं. सौर पंप आल्यापासून तर विजेची वेळ बघायचीही गरज उरली नाही. ऊन आहे तोवर मोटार चालू.

गव्हाच्या जागी हरभरा घेतला आणि फुलोऱ्याला व घाटे भरताना अशी दोनच पाणी तुषारने दिली, तर हेक्टरी १२०० घनमीटरमध्ये भागतं. ३० हेक्टरला ३६ टीसीएम. २८९ मधून २४० आणि ३६ गेले की १३ उरतात.

खडक_आणि_पाणी

आणि ते १३ सुद्धा तळ्यांच्या बाष्पीभवनात जातात. म्हणजे ४८० मिमीच्या वर्षी रब्बी कांदा भूजलावर बसत नाही, कसाही हिशेब फिरवा. ६५०-७०० मिमी पाऊस झाला तर काही हेक्टर बसेल.

शिवार_जालना

हे आकडे असेच्या असे सभेत ठेवतो. दोन शंका. बोअरवाले म्हणतात आमचं पाणी खालचं आहे, विहिरीशी त्याचा संबंध नाही. आणि नाला खोलीकरणानंतर पहिली दोन वर्षं विहिरींना पाणी वाढलं, मग खोलीकरणाच्या जवळच्याच विहिरी लवकर आटायला लागल्या. असं का व्हावं?

काळा_पाषाण

दोन्ही शंकांचं उत्तर खडकाच्या थरांत आहे. दख्खनचा बेसाल्ट म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक थर. प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र, खालचा घट्ट काळा पाषाण, आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल गेरूचा पट्टा. विहीर पहिल्या झिजलेल्या थरात असते आणि तिला दरवर्षीच्या पावसाचं पाणी मिळतं. ५०० फुटांचं बोअर पाच-सहा थर भेदून जातं. खालच्या थरांत पाणी फार सावकाश पोचतं, तिथलं पाणी वर्षानुवर्षं साठलेलं असतं. पाणाड्याने नारळ उभा केला आणि पॉइंट लागला, तरी ते उपसून संपलं की पुढच्या पावसाने भरून येत नाही. त्यातलं बरंचसं मुदत ठेव मोडल्यासारखं आहे.

"संबंध नाही" हे मात्र बोअरवाल्यांना सांगू नका म्हणावं. केसिंग पाइप सहसा २० फुटांपर्यंत टाकतात, माती ढासळू नये म्हणून. त्याखाली बोअर उघडं असतं. वरच्या थराचं पाणी विहिरीत थांबायचं ते त्या भोकातून खालच्या रिकाम्या थरात उतरतं. बोअर बंद असलं तरी उतरतं. कोरडं गेलेलं बोअर तसंच सोडणं म्हणून दुप्पट वाईट. एक तर लहान मूल पडण्याचा धोका, आणि दुसरं, वरच्या पाण्याला कायमची गळती. अशी बोअर तळापासून खडी-मुरमाने आणि वरचे १५-२० फूट माती व सिमेंटने बुजवा. विहिरीत मारलेल्या आडव्या बोअरची गोष्टही तशीच. ती शेजाऱ्याच्या हद्दीखालचं पाणी ओढतात, नवीन पाणी तयार करत नाहीत.

आता नाला. पोकलेन लावून मुरूम आणि मांजऱ्या खरवडून थेट काळ्या पाषाणापर्यंत गेलात, तर पाणी साठतं, फोटोही छान येतो. पण ज्या थरात पाणी मुरायचं तोच थर कापला गेला. नाल्याचा तळ विहिरीतल्या पाण्याच्या पातळीखाली गेला की पावसाळा संपल्यावर विहिरीचं पाणी उलटं नाल्यात झिरपतं आणि तिथून उडतं किंवा मोटारीने उपसलं जातं. धुळे जिल्ह्यात शिरपूरला खोलीकरणाचा गाजावाजा झाला तो तापीच्या गाळाच्या जमिनीत. तिथे खाली बेसाल्ट लगेच लागत नाही. तोच नमुना इथे उचलणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा घालणं.

तुम्ही आता नाल्यात एवढं करा: दोन किलोमीटरमध्ये दर १०० मीटरला न खोदलेला पट्टा आहे का ते बघा. नसेल तर दगड-मातीचा आडवा बांध घालून पाणी टप्प्याटप्प्याने अडवा. काठावर टाकलेला गाळ पहिल्या पुरात परत नाल्यातच येतो, तो शेतात न्या. आणि माथ्यावरचं काम राहिलं असेल तर ते आधी करा. ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल सलग समपातळी चर, समपातळी रेषेवर, नजरेने नाही तर ए-फ्रेम (ए अक्षरासारखी चौकट) किंवा पाणी भरलेल्या नळीने पातळी काढून. चर एक टक्क्यानेही कलला तर पाणी एका टोकाला गोळा होऊन तिथे फुटतं आणि खालच्या शेताला घळ पडते. पाच-सहा दिवसांत निम्मा पाऊस पडत असेल तर हे जास्तच महत्त्वाचं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या २०१७ च्या अभ्यासात मध्य भारतातल्या मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ मध्ये तिपटीने वाढल्याचं दिसलं. जुन्या रिमझिम पावसासाठी काढलेल्या बांधाच्या सांडव्यांना एवढा लोंढा पेलत नाही. सांडवा रुंद करून घ्या.

सभेचा_इतिवृत्त

आता ग्रामसभेबद्दल. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९ चा, अंमल २०१४ पासून. शेती आणि उद्योगासाठी ६० मीटर, म्हणजे साधारण २०० फुटांहून खोल विहीर किंवा बोअर घ्यायला त्यात मनाई आहे. ५००-६०० फुटांची बोअर कायद्यात बसत नाहीत. सार्वजनिक पिण्याच्या स्रोताभोवतीच्या ५०० मीटरचं संरक्षण १९९३ च्या कायद्यापासूनचं आहे. तुमच्या पिण्याच्या विहिरीभोवती ५०० मीटरचं वर्तुळ गावनकाशावर आखा आणि त्यात किती बोअर, किती कागदाची तळी आहेत ते मोजा. तो नकाशा सभेत भिंतीवर लावा. दहा भाषणांचं काम एक नकाशा करतो.

कायद्याच्या जोरावर जुनी बोअर बंद करायला जाऊ नका, गाव फुटेल. हिवरे बाजारमध्ये पोपटराव पवारांच्या काळात ठरलं ते गावाने स्वतःवर घालून घेतलेलं बंधन आहे: शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, आणि दरवर्षी पाऊस मोजून ताळेबंद मांडल्यावर रब्बीची पिकं ठरवायची. तुम्ही यंदा तीनच ठराव घ्या. नवीन बोअर नाही. कागदाची तळी १५ ऑक्टोबरच्या आधी विहिरीवरून भरायची नाहीत, वाहत्या नाल्यावरून कधीही भरा. नवीन फळबाग लावायची तर आधी सभेत सांगायचं, कारण कांदा पुढच्या वर्षी कमी करता येतो, बाग नाही करता येत.

तारीख महत्त्वाची. रब्बी कांद्याची रोपवाटिका ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पडते. ताळेबंदाची सभा नोव्हेंबरात घेतलीत तर रोपं वाढत असतात आणि कोणी ती उपटून टाकणार नाही. सभा १५ सप्टेंबरच्या आसपास घ्या, तोवरच्या पावसावर कच्चा हिशेब मांडा, ऑक्टोबरमध्ये पक्का करा.

आणि एक मुद्दा, जो अशा चर्चेत नेहमी सुटतो. ज्याची विहीर आटली त्याला सभेत काय मिळणार? पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली तेव्हा पाणी जमिनीवर नाही, माणशी मोजलं. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस नाही. तसंच्या तसं नको, पण बोअरवाल्याने आजूबाजूच्या दोन-तीन आटलेल्या विहिरीवाल्यांना हरभऱ्याची दोन पाणी ठरावीक दराने द्यायची, एवढं ठरवता येतं. नाहीतर ठरावाला हात वर करणारे जानेवारीत गावात नसतील.

आरोग्य_पाणी_तपासणी

एक छोटी भर. टँकर टाळायला पिण्याची योजना खोल बोअरवर नेणार असाल तर आधी फ्लोराईड तपासा. मानकाप्रमाणे लिटरला १ मिलिग्रॅम योग्य, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही, उलट आटून वाढतं. तपासणी उन्हाळ्यात करा, पावसाळ्यातला नमुना पातळ झालेला असतो. आणि कागदाच्या तळ्यांच्या कडेला गाठी मारलेला दोर आणि फुगवलेली ट्यूब बांधून ठेवा. शेवाळलेल्या कागदावर पाय ठरत नाही, पोहता येणारा माणूसही वर येऊ शकत नाही.

शिवार_जालना

सगळ्यांचे आभार. २० विहिरींची यादी केली, १२ जणांनी टेप सोडायला होकार दिला. पर्जन्यमापक ग्रामपंचायतीच्या गच्चीवर बसवायचा म्हणतात. चालेल का?

खडक_आणि_पाणी

गच्चीवर नको, वाऱ्याने मापकात पाऊस कमी पडतो आणि आकडा खोटा येतो. मोकळ्या मैदानात बसवा. शेजारचं झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतर ठेवा. रोज सकाळी साडेआठला मोजा, त्याच वेळी, आणि पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहा. कोरी जागा सोडली की सप्टेंबरमध्ये कोणालाच आठवत नाही की त्या दिवशी पाऊस नव्हता की मोजणारा नव्हता.